कोरडे हत्यार

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एका गुहेत, नव्वद हजार वर्षांपूर्वीच्या वाळूच्या थरात, हाडाचे एक हत्यार सापडले. रानबैलाची बरगडी उभी चिरून तिचे एक टोक जिभेसारखे गोल आणि पातळ केलेले होते. उत्खननाच्या यादीत त्याचा क्रमांक ११७. सोमवार, ९ फेब्रुवारी २०४३ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पुण्यातील एका प्रयोगशाळेतल्या हस्तवाचक यंत्राने ते तपासले आणि पुढील निष्कर्ष दिला : हत्यार वापरणारा हात, संदर्भ-हात क्रमांक ४२. जुळणी योगायोगाने होण्याची शक्यता चार लाखांत एक.

संदर्भ-हात क्रमांक ४२ मारुती व्हटकर यांचा आहे. वय त्र्याहत्तर, व्यवसाय चामड्याचे काम, राहणार सुभाषनगर, कोल्हापूर.

डॉ. सारिका व्हटकरने निष्कर्ष तीनदा वाचला. मग तिने यंत्र बंद केले, तासभर थंड होऊ दिले, प्रमाणित काच-पट्टीवर त्याची अचूकता तपासली आणि ११७ पुन्हा भिंगाखाली ठेवले. उत्तर तेच आले. त्याच पेटीतून आलेली दुसरी सहा हत्यारे तिने लागोपाठ तपासली. त्या सहांवर यंत्राने 'अनोळखी हात' एवढेच लिहिले. यंत्राला सगळीकडे तिचे वडील दिसू लागले आहेत, हा पहिला आणि सर्वांत सोयीचा संशय अशा रीतीने दुपारच्या जेवणाआधीच निकालात निघाला.

हस्तवाचकात जादू काही नव्हती. हाडाचे किंवा दगडाचे हत्यार चामड्यावरून ओढले, की मध्ये सापडलेले धुळीचे कण हत्याराच्या धारेवर बारीक ओरखडे काढतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एका हालचालीची नोंद असते : हात कोणत्या कोनातून आला, किती दाबला, शेवटी कुठे वळला. एका ओरखड्यावरून काहीच कळत नाही. शेकडो ओरखडे एकत्र मांडले, की त्यांतून एक ढब उभी राहते. पाठमोऱ्या माणसाला आपण चालीवरून ओळखतो. यंत्र हाताला ढबीवरून ओळखे. मारुती व्हटकरांची ढब तर शेकड्यात उठून दिसणारी होती. ते डावखुरे. चामडे तासण्याच्या यंत्रात उजव्या नव्हे, नेमक्या डाव्याच तर्जनीचे पेर गेलेले, त्यामुळे सगळा दाब अंगठ्यावर. आणि प्रत्येक ओढीच्या शेवटी मनगट बाहेरच्या बाजूला सतरा अंश वळे. संदर्भासाठी हवे असलेले हात गोळा करताना सारिकाने अठ्ठावन्न कारागिरांच्या ढबी नोंदवल्या होत्या. बेचाळिसावा हात घरचाच होता.

पुराणवस्तूंसाठी केलेले हे यंत्र सहा वर्षांत भलतीकडेच पोचले होते. संग्रहालये त्याच्या दाखल्यावाचून वस्तू घेत नसत. घरफोडीच्या खटल्यांत पहारी आणि छिन्न्या लाखबंद होऊन पुण्याला येत. कोल्हापुरात तर चपलेच्या जोडावर 'नोंदणीकृत हाताचे काम' असा शिक्का लागल्याखेरीज दुकानदार तो मांडत नव्हता, आणि तो शिक्का देणारे छोटे यंत्र ह्याच यंत्राचे पोर होते. माणसाने आयुष्यभर जे न बोलता केले, ते आता साक्षीला उभे राहू लागले होते.

"दोनच शक्यता आहेत," प्रयोगशाळेचे संचालक डॉ. केळुसकर म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी निष्कर्षाचा कागद हातभर लांब धरला होता. "नव्वद हजार वर्षांपूर्वी तुझे वडील मोरोक्कोत होते, नाहीतर परवापरवा ही गुहा खणणारा उआली कोल्हापुरात होता. मला यातलं दुसरं पटतं."

"ते आले होते, सर. दोन वर्षांपूर्वी. मीच घेऊन गेले होते."

"मग झालं की. गुहेत जुन्या बरगड्यांना तोटा नाही. एक उचलली, कोल्हापुरात नेली, एका उत्तम कारागिराकडून हवा तसा आकार घडवून घेतला, परत नेऊन वाळूत पुरली. हाड जुनं, काम नवं. वयाची कुठलीही चाचणी यात हाडाचंच वय सांगणार."

"आप्पा असं काही करणार नाहीत."

"त्यांना काय सांगून करून घेतलं असेल, तुला ठाऊक आहे? एखादा परदेशी पाहुणा घरी जेवला आणि म्हणाला, 'मामा, एवढं करून द्या,' तर तुझे आप्पा नाही म्हणतील?"

नाही म्हणणे आप्पांना जमत नसे, हे खरे होते.

पडताळणी समितीची बैठक गुरुवारी सकाळी साडेअकराला होती. निष्कर्ष आपोआप समितीकडे गेला होता. नियमच तसा होता. समितीने हत्यार बनावट ठरवले, तर डॉ. ब्राहीम उआली यांचा उत्खननाचा परवाना रद्द होणार, गुहा बंद होणार आणि आजवर त्यांनी तिच्यातून काढलेली प्रत्येक वस्तू संशयित ठरणार होती.

चार वाजता खुद्द उआलींचा फोन आला. पडद्यावर त्यांचा चेहरा उन्हाने रापलेला आणि दाढी वाढलेली दिसत होती. वय एकसष्ट, त्यातली एकोणीस वर्षे त्या गुहेत गेली होती. ते सावकाश, शब्द निवडून इंग्रजी बोलत.

"तुमच्या वडिलांनी मला एक चपलांचा जोड दिला होता," ते म्हणाले. "मी तो रोज वापरतो. समितीने आज दुपारी त्याचा फोटो मागवला. पुरावा म्हणून. माझे पाय आता आरोपी आहेत."

"डॉक्टर उआली, मी..."

"तुम्ही माझी बाजू घ्या असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मीही घेतली नसती. मला एकच गोष्ट सांगा. पेटी गुरुवारी तुमच्याकडे पोचली. सोमवारी हत्यार यंत्राखाली गेलं. मधले दिवस ते कुठे होतं?"

"कपाटात," सारिका म्हणाली. "कुलपात."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

उआलींनी मान हलवली, आभार मानले आणि फोन ठेवला. सारिका काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. आपण खोटे बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळले. बोलताना ते उत्तर तिला पूर्ण खरे वाटले होते.

शुक्रवारी दुपारी आप्पा प्रयोगशाळेत आले होते. वयाबरोबर हात बदलतो, म्हणून प्रत्येक संदर्भ-हाताची नोंद दर वर्षी नव्याने करावी लागे. तिसऱ्या खोलीत बाकावर चामडे ताणून बसवलेले होते आणि आप्पांनी कोऱ्या हाडपट्ट्यांनी त्यावर आपल्या ओढी दिल्या होत्या. ते चहा घेत असताना सारिकाच्या मनात आले, की चामड्यावर वापरलेल्या त्या सर्वांत जुन्या हत्यारांपैकी एक आपल्या बापाने बघावे. इच्छा साधीच होती. न तपासलेली वस्तू कपाटाबाहेर काढू नये आणि कर्मचाऱ्याखेरीज कोणाच्या हाती देऊ नये, हे दोन्ही नियम तिने स्वतःच लिहिलेले होते. तिने ११७ काढले, कापसाच्या तबकात ठेवून आणले आणि म्हणाली, "हे बघा आप्पा. तुम्ही चामडं घोटता त्या घोटणीची पणजी. नव्वद हजार वर्षं झाली, कुणी हात लावला नाही."

तेवढ्यात फाटकावरून फोन आला. रसायनांची खोकी उतरवून घ्यायची होती, सही तिचीच लागणार होती. आठ मिनिटांनी ती परत आली, तेव्हा हत्यार तबकात कापसावर होते आणि आप्पा वर्गात मास्तरांची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"कामाचं हाय," एवढेच ते म्हणाले.

तिने हत्यार कपाटात ठेवले. नोंदवहीत काही लिहिले नाही. हातात धरल्याने हाडाची झीज होत नाही. चामड्यावरून ओढले तरी ओळखण्याजोगी ढब उमटायला काही हजार ओढी लागतात. म्हणजे शुक्रवारच्या त्या आठ मिनिटांचा सोमवारच्या निष्कर्षाशी संबंध असणे शक्य नव्हते. हा तर्क तिने सोमवारी संध्याकाळपर्यंत चार वेळा तपासला आणि चारही वेळा तो बिनचूक निघाला. वैज्ञानिकाने अशाच तर्कापासून सर्वांत जास्त सावध राहावे, असे ती विद्यार्थ्यांना शिकवत असे.

मंगळवारी सकाळी तिने ओरखड्यांची रुंदी मोजली.

गुहेतली वाळू चाळून घेतलेली नसते. तिच्यात लहानमोठे कण असतात, म्हणून तिने काढलेले ओरखडेही कमीजास्त रुंदीचे असतात. इतर सहा हत्यारांवर ते तसेच होते. ११७च्या धारेवर मात्र बहुतेक ओरखडे एकाच रुंदीचे होते : बारा मायक्रॉन, केसाच्या जाडीचा जेमतेम सहावा भाग. सारिकाने तो आकडा ओळखला. नोंदणीच्या बाकावरचे चामडे साधे चामडे नव्हते. कारागिराला हजारो ओढी द्यायला लावणे बरे नव्हे, म्हणून तिनेच त्या चामड्यात गारगोटीची चाळलेली पूड घोळवण्याची पद्धत बसवली होती. त्या चामड्यावर आठ-दहा ओढींत पुरी ढब उमटे. पुडीचा कण बारा मायक्रॉनचा.

तिने तरीही निष्कर्ष काढला नाही. मोरोक्कोच्या प्रयोगशाळेलाही तीच पूड पुण्याहून गेली होती. केळुसकरांच्या बनावटीच्या कथेत हा पुरावा आणखी चपखल बसत होता. आता एकच चाचणी उरली होती. ओरखड्यांवर ओरखडे पडतात, तेव्हा कोणता वर आणि कोणता खाली हे ठरवता येते. वरच्या थरात किती ओढी, खाली काय, आणि दोहोंच्या मध्ये नव्वद हजार वर्षांचा क्षार साचलेला आहे की नाही. खाली जुने ओरखडे आणि त्यांवर क्षार असेल, तर हत्यार अस्सल आणि वरचा हात नंतरचा. खाली काहीच नसेल, तर उआली संपले. ह्या तपासणीला सव्वीस तास लागत. तिने दुपारी बारा वाजता यंत्र सुरू केले आणि बुधवारी पहाटे कोल्हापूरची गाडी धरली.

वाटेत तिने एकच गोष्ट मनाशी पक्की केली. आप्पांना आधी काही सांगायचे नाही. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घातले, की साक्ष मेली.

आप्पा ओट्यावर बसून रापीने तळ कापत होते. रापी म्हणजे चांभाराची रुंद पात्याची सुरी. व्हटकरांच्या घरातली ही रापी सारिकापेक्षा वयाने मोठी होती. शेजारी शिक्के लागलेल्या जोडांची चळत होती.

"फोन न्हाई, काय न्हाई," ते मान वर न करता म्हणाले. "नोकरी सुटली का काय?"

"अजून नाही."

"मग बस. च्या ठेवायला सांगतो."

"आप्पा, शुक्रवारी मी फाटकावर गेले होते. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"बसलो हुतो की."

"नुसते?"

"मग काय नाचू तुझ्या त्या दवाखान्यात? इकडं हात लावू नगा, तिकडं हात लावू नगा." त्यांनी कापलेला तळ उजेडात धरून पाहिला. "का गं? काय हरवलं का?"

ती पुढे काय विचारावे ह्या विचारात असताना समोरचे बाळू खंदारे ओट्याशी आले. सकाळी नेलेली छोटी रापी परत द्यायची होती. ओट्याच्या कडेला चामड्याचा एक जुना, तेलकट पट्टा खिळ्याने ठोकलेला होता. बाळूअण्णांनी रापी त्यावरून सपासप ओढली, पाते बोटाने पुसले, मग आप्पांपुढे ठेवली आणि सारिकाला म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, आमच्या जोडाला परवा तुमच्या मशीननं नापास केलं की. म्हटलं, माझाच हात हाय बाबा, तर म्हणतंय अनोळखी. चाळीस वर्सं बायको वळखती, हे वळखंना."

"घोटभर कमी घेत जा, हात थरथरायचा न्हाई," आप्पा म्हणाले. दोघे हसले आणि बाळूअण्णा गेले.

सारिका त्या पट्ट्याकडे पाहत होती. तिच्या जन्माआधीपासून तो तिथे होता. उसने नेलेले हत्यार परत देताना जो तो ते त्यावरून ओढून देई. तिने हे इतक्या वेळा पाहिले होते, की एकदाही पाहिले नव्हते.

"आप्पा," ती सावकाश म्हणाली, "ते हाडाचं हत्यार मला परत कसं दिलंत?"

आप्पांनी रापी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला.

"कसं म्हंजे? कोरडं दिलं आसंल वाटतं व्हय तुला? चार पिढ्या ह्या गल्लीत काढल्या. दुसऱ्याचं हत्यार हातात घ्यावं आन् कोरडंच परत ठेवावं, आसं शिकिवलं न्हाई मला माझ्या बानं."

"मला नीट सांगा. काय केलंत?"

"तुझ्या बाकावर चामडं हुतं ताणलेलं. त्यावर उठिवलं." हत्याराला परत कामाला लावून देण्याला ते 'उठवणे' म्हणत. "तूच म्हणालीस, नव्वद हजार वर्सं कुणी हात लावला न्हाई. मला कसंतरीच झालं. येवढं कामाचं हत्यार, आन् येवढं कोरडं."

"किती ओढी?"

"नेहमीच्याच. पाच सुलट, पाच उलट, आन् एक धन्याच्या नावाची. अकरा. धन्याचं नाव ठावं न्हवतं, म्हणून नुसतं 'धनी' म्हटलो."

सारिकाने पिशवीतली वही काढली, वेळ लिहिली आणि खाली लिहिले : ओढी अकरा, पाच, पाच, एक. आप्पांची सही घेतली. त्यांनी काही न विचारता केली. चहा आला, निवला. दोन वाजून चार मिनिटांनी तिच्या फोनवर पुण्याच्या यंत्राचा अहवाल आला. तिने तो उभ्यानेच वाचला. वरचा थर : संदर्भ-हात ४२. ओढी अकरा, पाच एका दिशेने, पाच उलट, शेवटची पहिल्या दिशेने. खाली क्षाराचा पातळ थर, खरवडलेला. त्याखाली जुने ओरखडे, कमीजास्त रुंदीचे. हात अनोळखी. वाचता येण्याजोगा भाग : धारेच्या नऊ टक्के. ढब ठरवण्यास अपुरा.

उआली वाचले होते. ती ओट्यावर बसली आणि आता मात्र तिने आप्पांना सारे सांगितले. समिती, गुहा, चपलांचा फोटो, कपाट. आप्पा ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी 'त्यो गोरा न्हवं, आपल्यासारकाच रापलेला, त्योच का' एवढे विचारले. तिचे सांगून झाल्यावर ते पट्ट्याकडे वळले.

"त्या चामड्यात पूड हुती," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजे घासलं गेलं."

"हो."

"तिथं त्याचा हात हुता. धन्याचा."

"होता."

"त्यो मी पुसला."

सारिकाला नाही म्हणता आले असते. धारेचे नऊ टक्के उरले होते, हत्याराच्या पाठीवर पकडीच्या खुणा असतील, अजून हत्यारे सापडतील. तिने यातले काही सांगितले नाही. "हो आप्पा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. डाव्या हाताचे अर्धे बोट ते दुसऱ्या हाताने चोळत राहिले. "मग लिव्ह तसं," ते म्हणाले. "माझं नाव लिव्ह. त्या पाव्हण्याच्या गळ्यात नको. आन् माझ्या जोडावरचा शिक्का काडला तर काडू दे."

"तुमचं नाव दुसरं येईल, आप्पा. पहिलं माझं आहे."

"मी येतो संगट," ते म्हणाले आणि उठून आत सदरा बदलायला गेले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेच्या तिसऱ्या खोलीत मारुती व्हटकरांनी गुहेतल्याच एका टाकाऊ बरगडीच्या तुकड्याने, त्याच पूड घोळलेल्या चामड्यावर, अकरा ओढी दिल्या. यंत्राने उत्तर दिले : संदर्भ-हात ४२. सारिकाने अहवालाला हा कागद जोडला. मग ती केळुसकरांच्या खोलीत गेली.

त्यांनी सगळे शांतपणे वाचले. त्यांना बनावटीची कथा सोडताना काही त्रास झाला नाही. ते पुराव्याचा मान राखणारे गृहस्थ होते.

"म्हणजे उआली सुटला. छान," ते म्हणाले. "आता हे समितीपुढे कसं मांडायचं ते बघू. 'वरचा थर अलीकडचा, दूषणाचा स्रोत अनिश्चित.' एवढं पुरे. यात खोटं एकही अक्षर नाही."

"स्रोत निश्चित आहे, सर."

"सारिका, आज एक्केचाळीस खटले आपल्या नोंदवहीवर उभे आहेत. वस्तू आली, कुलपात गेली, यंत्राखाली गेली, मध्ये कुणी हात लावला नाही, हे न्यायालय आपल्या शब्दावर मानतं. तू समितीपुढे ही एक ओळ वाचलीस, की उद्या प्रत्येक वकील ती नोंदवही मागवेल. तुझी खुर्ची जाईल, ते सोड. सगळी नोंदवही जाईल."

"ओळ वाचल्यानं नाही जाणार, सर. ओळ गाळली, तेव्हाच गेली. आणि स्रोत अनिश्चित म्हटलं, तर लोक तो उआलींच्या गुहेतच शोधणार. जन्मभर."

"वडिलांचा विचार केलास?"

"ते बाहेर बसलेत. विचारा त्यांना."

केळुसकरांनी दाराच्या काचेतून पाहिले. आप्पा बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. केळुसकरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, अहवाल टेबलावर सरळ केला आणि तिच्याकडे सरकवला. "मी सही करणार नाही," ते म्हणाले. "अडवणारही नाही."

साडेअकराला पडद्यावर समितीचे पाच चेहरे उजळले. सहाव्या चौकटीत उआली होते, दाढी केलेले, कोट घातलेले. अध्यक्षबाईंनी विचारले, की प्रयोगशाळेला निष्कर्षात काही बदल सुचवायचा आहे का.

"निष्कर्षात बदल नाही," सारिका म्हणाली. "यंत्राने वाचलेला हात बरोबर आहे. नोंदवहीत एक ओळ नव्हती. ती मी आज भरली आहे. डॉक्टर उआली, सोमवारी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. माझं उत्तर खोटं होतं. खरं उत्तर वाचते."

उआली किंचित पुढे झुकले. आणि सारिकाने शुक्रवारची ओळ वाचली :

'६ फेब्रुवारी २०४३, दुपारी ४.१० ते ४.२१. वस्तू क्रमांक ११७ तपासणीपूर्वी कपाटाबाहेर काढली : डॉ. सारिका व्हटकर. परवानगी नाही. वस्तू नोंदणीच्या बाकाजवळ मारुती व्हटकर यांच्याकडे सोडून मी आठ मिनिटे खोलीबाहेर होते. ह्या वेळात त्यांनी वस्तू गारगोटीची पूड असलेल्या चामड्यावर अकरा वेळा ओढली. हत्यार अस्सल आहे. डॉ. ब्राहीम उआली यांचा ह्या घटनेशी संबंध नाही. मूळ वापरणाऱ्याचा हात ह्या धारेवरून आता वाचता येणार नाही. कारण : घेतलेले हत्यार कोरडे परत देऊ नये, हा आमच्या गल्लीचा रिवाज आहे. मारुती व्हटकर यांनी तो पाळला. मी त्याच गल्लीत वाढले. रिवाज मला ठाऊक होता, आणि हत्यार त्यांच्या हाती देताना मला तो आठवला नाही.'